माहिती प्रणालीचा अभ्यासक्रम आणि मराठी नोंदवहीची परंपरा

वाणिज्य शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात संगणक-कौशल्ये आणि व्यवसाय माहिती प्रणाली या विषयांना आता स्थिर स्थान प्राप्त झाले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या वाणिज्य विद्याशाखेतील बी.सी.सी.ए. ही पदवी त्याचे ठळक उदाहरण होय. या विषयांचे अध्यापन प्राय: इंग्रजी ग्रंथांच्या आधारे होते, त्यामुळे मराठीच्या अध्यापकाचा त्यांच्याशी काही संबंध नाही, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. माहिती प्रणाली म्हणजे केवळ यंत्र नव्हे. नोंद कशी करावी, नोंदींचा परस्परसंबंध कसा जोडावा आणि त्यांतून अर्थ कसा काढावा, याची ती एक शिस्त आहे. ही शिस्त मराठीत संगणकाच्या आगमनापूर्वी कित्येक शतके नांदत आली आहे. अभ्यासक्रम तिची दखल घेत नाही, याचे मोल मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला मोजावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

१. विदा आणि माहिती

या विषयाच्या पहिल्याच प्रकरणात 'डेटा' आणि 'इन्फर्मेशन' यांतील भेद शिकविला जातो. 'डेटा'साठी मराठीत 'विदा', 'आधारसामग्री' असे पर्याय वापरले जातात. 'इन्फर्मेशन'साठी 'माहिती' हा शब्द रूढ आहे. भेद असा, की विदा म्हणजे सुट्या, असंस्कारित नोंदी. आणि विशिष्ट हेतूने त्यांची वर्गवारी, जुळणी वा बेरीज केल्यावर निर्णयास उपयोगी पडते ती माहिती. परीक्षेत ही व्याख्या विचारली जाते आणि बहुसंख्य विद्यार्थी ती इंग्रजीत पाठ करून लिहितात. पाठांतराने गुण मिळतात. परंतु संकल्पना हाती लागतेच असे नाही. ज्या अनुभवातून ती सहज उलगडली असती, तो अनुभव वर्गाबाहेरच राहतो.

२. मौजा बेसा : एक परिचित माहिती प्रणाली

नागपूरच्या दक्षिणेस मानेवाड्यापुढे वसलेले बेसा हे या संदर्भात विचारात घेण्याजोगे ठिकाण आहे. एकेकाळी शेतीचे असलेले हे गाव शहराच्या विस्तारात सामावत गेले. वावरांचे ले-आउट पडले, ले-आउटांवर वसाहती उभ्या राहिल्या. जमिनीच्या जाहीर सूचनांतून 'मौजा बेसा', 'प.ह.नं.', 'खसरा क्रमांक' ही शब्दावली नागपूरकर वाचकाच्या नित्य परिचयाची आहे. 'प.ह.नं.' म्हणजे पटवारी हलका नंबर. ही मध्य प्रांताच्या महसुली व्यवस्थेची खूण होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये राज्यभर एकसमान पद्धती आली, तरी नागपूर भागाच्या भाषेत हे जुने शब्द टिकून राहिले. अशा गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी सातबाराचा उतारा असतो किंवा निदान त्याची चर्चा तरी झालेली असते. सातबारा ही एक परिपूर्ण माहिती प्रणाली आहे, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

सातबारा हा गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा संयुक्त उतारा होय. नमुना ७ मध्ये धारकाचे नाव, क्षेत्र, भूधारणेचा प्रकार आणि इतर हक्क नोंदलेले असतात. नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. जमिनीचा भूमापन, गट किंवा खसरा क्रमांक, त्याच्या उपविभागासह, ही गावापुरती त्या नोंदीची एकमेव ओळख असते. विदासंचात जिला 'प्रायमरी की' म्हणतात, तिचे कार्य हेच. एका गावात एकाच नावाची दोन माणसे असू शकतात. एकाच क्रमांकाचे दोन तुकडे असू शकत नाहीत. गाव नमुना ८-अ मध्ये त्याच नोंदी खातेदारनिहाय मांडल्या जातात. विदा तीच, प्रश्न बदलला म्हणून मांडणी बदलली. एका ठिकाणी 'ही जमीन कोणाची?' याचे उत्तर मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी 'या खातेदाराकडे किती जमीन?' याचे. विदेची माहिती कशी होते, हे सांगण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

व्यवहार-प्रक्रिया प्रणाली, म्हणजे 'ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टिम', हा अभ्यासक्रमातील पुढचा घटक. त्याचे प्रतिरूप गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत आढळते. खरेदी, वारसा वा वाटणी यांमुळे हक्कात बदल झाला, की नमुना ७ मधील नाव थेट खोडून नवे लिहिले जात नाही. प्रथम फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस दिली जाते, विहित मुदतीत आलेली हरकत नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेतली जाते आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच मूळ अधिकार अभिलेखात बदल होतो. प्रस्ताव, पडताळणी, मंजुरी आणि बदलाचा मागोवा या चारही पायऱ्या येथे आहेत. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा ऑनलाइन मिळू लागले, तेव्हा माध्यम बदलले. मूळची शिस्त तीच राहिली.

३. रोजकीर्द ते ताळेबंद

दुसरा आधार दुकानाच्या वहीचा. व्यवहार घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावा, तेथून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यावा, खात्यांच्या शिलकांवरून तेरीज मांडून दोन्ही बाजूंचा ताळा पाहावा आणि अखेरीस ताळेबंद करावा, हा क्रम कनिष्ठ महाविद्यालयात मराठी माध्यमाचा विद्यार्थी पुस्तपालनाच्या विषयात शिकलेला असतो. व्यवसाय माहिती प्रणालीत हेच टप्पे आदान, प्रक्रिया, साठवण, पडताळणी आणि प्रदान या नावांनी येतात. बारावीपर्यंत जे ज्ञान त्याचे होते, तेच पदवीच्या पहिल्या वर्षी परक्या नावाने समोर उभे राहते आणि ओळखू येत नाही. याला विद्यार्थ्याची बौद्धिक उणीव म्हणता येणार नाही. दोन भाषांमधला पूल बांधला गेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

४. परिभाषा : घडविलेली आणि रुळलेली

येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. तथापि 'जमा', 'खर्च', 'रोजकीर्द', 'तेरीज' हे शब्द मराठीत टिकले. कारण ते रोज लिहिले जात होते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले. त्यांतून आलेल्या शब्दांचे भवितव्यही याच कसोटीवर ठरत आले आहे. 'संगणक' रुळला, 'कळफलक' छापील मजकुरात दिसतो, बोलण्यात 'कीबोर्ड'च येतो. शब्दाचे आयुष्य त्याच्या व्युत्पत्तीपेक्षा त्याच्या वापरावर अवलंबून असते, हा या इतिहासाचा धडा होय.

म्हणून 'डेटाबेस'ला कोणता मराठी शब्द द्यावा, एवढ्यावर वाद घालीत बसण्याने फारसे साधणार नाही. 'डेटाबेस' हा शब्द तसाच ठेवूनही त्याचे स्पष्टीकरण नोंद, खाते, वर्गवारी, गोषवारा, ताळा या जिवंत शब्दांत करता येते. उसनी संज्ञा आणि स्वभाषेतील विवेचन यांत विरोध नाही. २००१ पासून राज्यात रुजलेल्या एम.एस.-सी.आय.टी. या संगणक साक्षरता अभ्यासक्रमाने मराठी माध्यमाचा पर्याय उपलब्ध करून दिला. संगणकाचे शिक्षण मराठीतून देता येते, हे त्याने व्यवहारात दाखविले. पदवी स्तरावर मात्र ही वाट अद्याप रुंद झालेली नाही.

५. वर्णक्रम आणि नावाचे लेखन

मराठीच्या अभ्यासकाची गरज केवळ शब्दांपुरती नाही. ती यंत्राच्या अंतरंगातही आहे. जुन्या, यूनिकोडपूर्व फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसे, परंतु यंत्राच्या स्मृतीत रोमन लिपीतील एखाद्या चिन्हाचा संकेतांक साठविला जाई. अशी यादी वर्णानुक्रमे लावू गेल्यास क्रम देवनागरीचा न लागता रोमन संकेतांकांचा लागे. १९९१ च्या यूनिकोडमध्ये देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि हा दोष दूर होण्याचा मार्ग खुला झाला.

तरीही एक प्रश्न उरतो. यूनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास काळे, कावळे, काशीकर, कासार अशी यादी होईल. मराठी कोशाच्या शिस्तीने 'काळे' शेवटी यावयास हवे. भाषेचा क्रम प्रणालीला स्वतंत्रपणे सांगावा लागतो आणि तो सांगण्यासाठी वर्णमालेचा जाणकार लागतो.

याहून गंभीर बाब नावाच्या लेखनाची. 'शिंदे' आणि 'शिन्दे' वाचकाला एकच वाटतात. यंत्राला ती दोन भिन्न नावे होत. शाळेच्या दाखल्यावर एक आणि सातबारावर दुसरे रूप असल्यास शोध निष्फळ ठरू शकतो आणि वारसाला आपण तोच आहोत हे सिद्ध करण्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागतात. शुद्धलेखनाचा नियम येथे सौंदर्याचा विषय राहत नाही; तो हक्काचा विषय होतो.

६. समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. एक, माहिती प्रणालीच्या मूलभूत संकल्पना मराठी व्यवहारपरंपरेत अगोदरच अस्तित्वात आहेत. दोन, अध्यापनाचा आरंभ त्या परंपरेतून केल्यास विद्यार्थी संकल्पनेकडून संज्ञेकडे जातो. आज त्याला संज्ञेकडून संकल्पनेकडे चाचपडत जावे लागते. तीन, वर्णक्रम व नामलेखन यांसारखे प्रश्न भाषाविभागाच्या सहभागाविना सुटणारे नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने उच्च शिक्षणात भारतीय भाषांच्या वापरावर भर दिला आहे. तो भर प्रत्यक्षात उतरावयाचा असेल, तर मराठी आणि वाणिज्य विभागांनी एकत्र बसून एखादा सातबारा, एखादी खतावणी आणि एखादी नामसूची यांवर प्रात्यक्षिके तयार करावीत. त्यासाठी मोठ्या निधीची अथवा नव्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. ज्या भाषेत व्यवहार नोंदविला जातो, तिच्यात त्या व्यवहाराचे शास्त्रही शिकविले गेले पाहिजे. अन्यथा ती भाषा उताऱ्यावर राहील आणि ज्ञानातून वजा होईल.