मेलेल्यांची मलमपट्टी

'मेलेला बरा कसा होतो?' असे कोणी विचारले तर आपण त्यालाच औषध सुचवू. पण गेल्या दिवाळीच्या आधी वसतिगृहातील आमच्या खोलीत याच प्रश्नावर रात्री दोनपर्यंत वाद रंगला होता.

निमित्त होते 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तीतील पात्रे व्हायचे आणि अडेल तिथे फाशांनी निकाल द्यायचा. प्रत्येक पात्राला ठराविक प्राणगुण असतात. घाव बसला की ते घटतात.

मी होतो पुरोहित. माझ्याकडे जखमा भरणारा मंत्र होता. मांत्रिक झालेल्या मित्राने एक सांगाडा उठवून दिमतीला घेतला होता. लढाईत तो खिळखिळा झाला. मला दया आली, मी मंत्र घातला आणि सांगाडा जागीच कोसळला! "पुस्तक वाचत जा की लेका," मित्र म्हणाला. ते मला लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. जाड इंग्रजी पुस्तक दिसले की अजून धडधडते. मी नियम ऐकून ऐकून खेळत होतो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मागून घेतले आणि शब्दकोश उघडून बसलो. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित नियमांत उलगडा झाला. जिवंतांना तारते ती धनशक्ती. मरूनही वावरणाऱ्यांना, म्हणजे 'अनडेड'ना, चालवते ती ऋणशक्ती. म्हणून आपले औषध त्यांना विष आणि आपल्याला घायाळ करणारा मंत्र त्यांचे औषध!

पुढचा नियम अधिक मार्मिक आहे. सांगाडा किंवा झाँबी यांना बुद्धी नसते. म्हणून कितीही विश्रांती मिळाली तरी ते आपले आपण बरे होत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी त्यांना बरे करावे लागते. बुद्धी असलेले मात्र स्वतः सावरतात. व्हॅम्पायरचे तर दर फेरीला, म्हणजे सहा सेकंदांत, पाच प्राणगुण भरून येतात. ते शून्यावर आले तरी तो धुके होऊन निसटतो. दोन तासांत स्वतःची शवपेटी गाठली तर तासाभराने एक गुण परततो आणि तो पुन्हा भरू लागतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही उलटापालट राहिली नाही. तिथे जखमा भरणारा नेहमीचा मंत्र अनडेडवर चालतच नाही, बाधतही नाही. व्हॅम्पायर दर पाळीला वीस गुण मिळवतो, पण उन्हात किंवा वाहत्या पाण्यात नाही.

बुद्धी नसलेल्याची जखम दुसऱ्याच्या हाती, हे वाचून मी क्षणभर थांबलो. सांगाड्याची आणि माझी स्थिती फारशी वेगळी नव्हती.

पुढच्या शनिवारी मित्राचा नवा सांगाडा पुन्हा घायाळ झाला. मी त्याच्यावर घाव घालणारा मंत्र टाकला. "अरे, हे काय करतोस!" शेजारचा ओरडला. सांगाड्याचे गुण भरून आले. मित्राने पुस्तक चाळून पाहिले आणि मुकाट्याने फासे माझ्याकडे सरकवले.