पद्मिनीच्या इंजिनाचा जीर्णोद्धार

मुंबई बेटाची उत्तर सीमा जिथे खाडीला भिडते आणि लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दिलेल्या १ लक्ष ५७ हजार रुपयांच्या देणगीतून उभा राहून १८४५ साली रहदारीस खुला झालेला बांध जिथून वांद्र्याकडे निघतो, त्या माहीमचे या शहराच्या वाहनसृष्टीत विशेष स्थान आहे. उपनगरांत धावणाऱ्या ऑटोरिक्षेस या हद्दीच्या दक्षिणेस मज्जाव असल्याने बेटावरील भाड्याच्या प्रवासाचा मोठा भार काळ्या-पिवळ्या टॅक्सीने वाहिला. आणि ती टॅक्सी म्हणजे कित्येक दशके कुर्ल्याची फियाट, पुढे पद्मिनी. तिची दुखणी निवारणाऱ्या येथील गॅरेजांतील सर्वांत गहन कसब म्हणजे इंजिन संपूर्ण खोलून त्याचे अंतर्भाग बदलणे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये, १९६४ पासून ‘अकराशे डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. परवान्यांच्या त्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्यामुळे जुन्या इंजिनास पुनःपुन्हा नवे बळ देणे ही हौस नसून टॅक्सीवाल्याच्या चरितार्थाचीच बाब होती. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आणि एकंदर आकारमान १०८९ घन सेंटिमीटर, असे हे साधे इंजिन जणू दुरुस्तीसाठीच घडविले होते.

इंजिन ऑइल खाऊ लागले, सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला, केम्प्स कॉर्नरच्या पुलावर पिकअप तुटू लागला आणि ऑइलचा दाब उतरला, की मिस्त्री इंजिन उतरविण्याचा निर्णय देतो. हेड आणि ऑइलचे चेंबर काढल्यावर प्रत्येक कनेक्टिंग रॉडवर व त्याच्या कॅपवर क्रमांकाची खूण केली जाते, कारण ही जोडी एकत्रच घडविलेली असते आणि एकीची कॅप दुसरीस चालत नाही. मग मोजमापाचा अंमल सुरू होतो. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे उलटते तिथे झीज सर्वाधिक, आणि पिस्टन ज्या अंगाला रेलतो त्या अंगाला अधिक. म्हणून वर्तुळ लंबगोल होते आणि नळी निमुळती. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवे व उभे, असे माप घेऊन इंचाच्या हजारांशांत हिशेब मांडल्यावरच ठरते, की केवळ रिंगा बदलून भागेल, की ब्लॉक बोअर करून वीस वा चाळीसच्या ओव्हरसाइजचे पिस्टन घालावे लागतील, की तीही मर्यादा ओलांडल्यामुळे लायनर ठोकावे लागतील.

या यंत्ररचनेत एक अत्यंत सुज्ञ तत्त्व आहे. क्रँकशाफ्ट ज्यांवर फिरतो ती बेअरिंगे मुद्दाम मऊ धातूची असतात; ऑइलमधील कचरा त्या मऊ धातूत रुतावा, झीज त्यांनी सोसावी आणि बहुमोल क्रँकशाफ्ट वाचावा, हा त्यामागील हेतू. त्याग कोणी करायचा आणि रक्षण कोणाचे व्हायचे, हे इंजिनाच्या आराखड्यातच लिहिलेले असते, आणि उत्तम मिस्त्री तो लेख वाचतो. क्रँकशाफ्टवर चरे पडले असतील, तर तो ग्राइंड करून त्या मापाची जाड बेअरिंगे बसवितात. निर्दोष असेल, तर त्यास हात लावणे हा अपराध समजतात. सीएनजीवर चाललेल्या टॅक्सीत व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटा अधिक लवकर झिजतात, कारण कोरड्या वायूपासून त्यांस पेट्रोलसारखे स्निग्ध साहाय्य लाभत नाही. म्हणून हेडकडे विशेष लक्ष पुरवावे लागते.

जोडणीत घाईस थारा नाही. प्रत्येक रिंग प्रथम सिलिंडरात एकटीच उतरवून तिच्या दोन टोकांमधील फट फीलर गेजने मोजतात. या व्यासास ती साधारण पाव मिलिमीटर असावी लागते. फट अपुरी राहिली तर तापून फुगलेली रिंग आवळते, अधिक राहिली तर दाब निसटतो. पिस्टनवर चढविताना या फटी एका रेषेत येऊ देत नाहीत. बेअरिंगाची प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँकशाफ्ट हाताने फिरवून पाहतात, आणि हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने कसतात, जेणेकरून हेड वाकू नये. त्यानंतरही रिंगा व सिलिंडर परस्परांस घासून बसेपर्यंत गाडी संयमाने चालवावी लागते, आणि त्या मुदतीअखेर ऑइल बदलावे लागते.

टॅक्सीला घातलेल्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनीची टॅक्सी म्हणून कारकीर्द संपली. तिच्या इंजिनाने हार मानली म्हणून नव्हे, तर सरकारी दप्तरातील मुदत भरली म्हणून. परंतु नवे इंजिनदेखील पिस्टन, रिंग, बेअरिंग आणि ऑइलच्या पातळ थरावरच चालते, आणि झीज ओळखून नेमका भाग बदलण्याचा विवेक त्यालाही तितकाच हवा असतो. कंपनीने दिलेला जोडसंच सरसकट बसविणे सोपे आहे. काय राखावे आणि काय टाकावे, हे मोजून ठरविणे कठीण आहे. ते शिकविणारी मिस्त्रीची परंपरा आपल्या औद्योगिक शिक्षणात मानाने सामावून घेणे हे आपले कर्तव्य आहे, कारण यंत्र घडविण्याइतकेच ते टिकविण्याचे ज्ञानही राष्ट्राची संपत्ती असते.