पाढ्यांना चाल लावली की नाटक होत नाही

सकाळी शाळेच्या दारात एक गाडी थांबते. पाच-सहा नट उतरतात, सामानही तेच उतरवतात, सभागृहात नेपथ्य उभं करतात, तासाभराचा गाण्यांनी भरलेला प्रयोग करतात आणि पुढच्या गावची वाट धरतात. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठीची फिरती संगीत नाटकं साधारण अशी चालतात. जे हार्निक आणि चार्ल्स हल यांनी १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली मंडळी, म्हणजे आजची ‘थिएटरवर्क्स यूएसए’, या प्रकारातलं मोठं नाव. ज्या घरात मुलाला नाटकाला न्यायला वेळ नाही की पैसा नाही, तिथल्या मुलापर्यंतही अशा दौऱ्यांमुळे नाटक पोचतं. पण ते शाळेत आलं की हिशेब मागितला जातो: मुलं यातून काय शिकली? बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की माहिती किती लक्षात राहिली. ही मागणीच मला चुकीची वाटते. गाण्यात माहिती कोंबली की गाण्याचा जीव जातो आणि माहितीही धड पोचत नाही.

पाठांतराला चाल उपयोगी पडते, हे खरंच. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाढे सुरातच म्हटले गेले. पण त्यासाठी नट कशाला, आणि वेशभूषा तरी कशाला? नाटकातल्या गाण्याचं काम निराळं आहे. थिएटरवर्क्सचं ‘फ्रीडम ट्रेन’ हे नाटक हॅरिएट टबमनवर आहे. मेरीलँडमधली ही गुलाम स्त्री १८४९मध्ये पळून गेली आणि पुढे सुमारे १३ वेळा परत येऊन तिने ७० च्या आसपास माणसं सोडवून नेली. रानात दडलेल्यांना ती गाण्यातून खूण करी, की आता बाहेर या किंवा हलू नका, असं तिची चरित्रकार सारा ब्रॅडफर्ड सांगते. अशा गोष्टीत गाणं हीच घटना असते. मुलगा १८४९ हे साल विसरला तरी चालेल. एका सुरावर कुणाचा तरी जीव टांगलेला असू शकतो, हे त्याला त्या क्षणी उमगलं तर गुलामगिरीबद्दल त्याला धड्याच्या चार पानांहून जास्त कळलेलं असतं. आपल्या जुन्या संगीत नाटकात वन्समोअर मिळाला की कथानक खुशाल थांबून राही आणि रसिकांना ते चाले. सतरंजीवर बसलेली तिसरीतली मुलं तशी थांबत नाहीत. गोष्ट थबकली की चुळबुळ सुरू होते, म्हणून त्यांच्यासाठीच्या गाण्याने गोष्ट पुढे नेलीच पाहिजे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की नाटकाने माहितीच नीट दिली नाही तर नुकसान होईल. त्याला दाखला आहे दक्षिण आफ्रिकेचा. तिथल्या आरोग्य खात्याने १९९५मध्ये एड्सबद्दल जागृती करण्यासाठी ‘सराफिना २’ या भव्य फिरत्या संगीत नाटकाचं १ कोटी ४० लाख रँडांहून मोठं कंत्राट दिलं. लेखक म्बोंगेनी न्गेमा नावाजलेले होते. खर्चावरून आणि कंत्राटाच्या पद्धतीवरून गदारोळ झालाच, पण नाटकातला एड्सविषयीचा संदेशही अपुरा आणि गोंधळात टाकणारा असल्याची टीका झाली. १९९६मध्ये सारं गुंडाळावं लागलं. आक्षेप रास्त आहे, पण त्यावरून मी उलटा निष्कर्ष काढेन. जिथे अचूक माहितीवर जीव अवलंबून असतो, तिथे ती परिचारिकेने किंवा शिक्षकाने सरळ शब्दांत सांगावी. आजारी माणसाला शेजारी दूर लोटतात तेव्हा त्याला काय वाटतं, हे मात्र पत्रकातून सांगता येत नाही. तिथे नाटक हवं.

तासाभराची भारावलेली अवस्था घरी जाईपर्यंत ओसरते, असंही म्हटलं जातं. आर्कान्सा विद्यापीठातल्या जे ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांनी शाळांचे गट चिठ्ठ्या टाकून निवडले, काहींना ‘हॅम्लेट’ किंवा ‘अ ख्रिसमस कॅरल’चा प्रयोग दाखवला आणि नंतर सर्वांची चाचणी घेतली. प्रयोग पाहिलेल्या मुलांना कथानक आणि त्यातले शब्द अधिक येत होतेच, शिवाय वेगळ्या मताबद्दलची सहिष्णुता आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची क्षमताही जास्त दिसली. ही संगीत नाटकं नव्हती, तेव्हा हा पुरावा ओढूनताणून लावू नये. पण ज्याला शाळा मोजतच नाहीत, तेही मोजता येतं, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आपल्याला यातलं काही परकं नाही. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ या मुलांसाठीच्या नाट्यसंस्थेने परी आणि राक्षस बाजूला ठेवून भांडणारे आईबाप, घरातली माया आणि धाक, परदेशातून कामासाठी आलेली कुटुंबं गाण्यांसह रंगमंचावर आणली. १९८०च्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने ती चळवळ पुण्यात रुजली. मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात, आणि मुलांना पडणारे प्रश्न या नाटकांत मुलांच्याच बाजूने मांडले जातात. अशा नाटकानंतर मुलांकडे बोलायला खूप असतं. म्हणून प्रयोग ठरवताना शाळेने पुढचा एक तास मोकळा ठेवावा. त्या तासाला शिक्षकांनी प्रश्नपत्रिका काढू नये, फळ्याजवळ उभं न राहता मुलांमध्ये बसावं आणि त्यांना बोलू द्यावं.