डोक्यावर ऊन, ओढ्याला पूर

बंगळुरूत नव्यानं आलेली मराठी माणसं पावसाळ्यात मला हमखास विचारतात, "इथे जवळपास धबधबा कुठे आहे?" मी आनेकलजवळचा मुत्याल मडुवु सांगतो. शहरापासून साधारण ४० किलोमीटर. कन्नडमध्ये मुत्तु म्हणजे मोती आणि मडुवु म्हणजे डोह. पायऱ्या उतरून झाडीतून धबधब्यापाशी जाता येतं. पण जाण्याआधी सह्याद्रीपेक्षा इथे काय वेगळं आहे, ते समजून घ्या.

पहिला फरक पावसाचा. बंगळुरूत वर्षभरात सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात एवढा एकट्या जुलैत पडून जातो. शिवाय इथला जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात, बहुधा दुपारनंतर आणि गडगडाटासह. त्यामुळे जुलैत बारीक धार बघून आलेल्या माणसाला हे पाणी गरीब वाटतं.

दुसरा फरक खडकाचा. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर बंगळुरूभोवतीचे नाइस आणि ग्रॅनाइट २५० कोटी वर्षांहून जुने. उघड्या कातळात पाणी मुरत नाही, ते घसरत थेट ओढ्यात येतं. वर डोंगरात जोराची सर आली, की खाली थोड्याच वेळात लोंढा पोहोचतो. तुमच्या डोक्यावर तेव्हा कदाचित ऊन असेल!

पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे होते. पण पायाखालचा खडक निसरडा असला, की हातांची साखळी उपयोगी पडत नाही.

म्हणून तीन खुणा लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून येणारा आवाज वाढला, तर त्याच क्षणी बाहेर पडा. चपला, पिशवी, फोटो, सगळं सोडा. प्रवाहाच्या दिशेनं खाली पळू नका, काठावरच्या उंच जागेकडे चढा. आणि जेवण करायला प्रवाहातला खडक कधीच निवडू नका. सकाळी लवकर जा, दुपारचे ढग जमायच्या आत वर या.

धबधबा जरूर बघा. फक्त तिथे असताना अधूनमधून वरच्या डोंगराकडेही नजर टाका. पाणी तिथूनच येणार आहे.