त्रिंबकजी, बिशप आणि ठाण्याचं चर्च

शहापूर-मुरबाडकडे वारसा म्हटलं की नजर डोंगराकडे जाते. 1636 साली शहाजीराजे शेवटपर्यंत ज्याच्या आधारानं लढले तो माहुली किल्ला, नाहीतर सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेली नाणेघाटातली गुहा. ते रास्तच आहे. पण तालुक्याच्या गावातली जुनी कचेरी, डाक बंगला, रेल्वेची कौलारू घरं या हिशेबात कुठे बसत नाहीत. चर्च तर नाहीच. ‘ते साहेबांचं’ म्हटलं की विषय संपतो. हे मला मुळीच पटत नाही. का, ते सांगायला आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीच, ठाण्याला जावं लागेल.

ठाण्याचं सेंट जेम्स चर्च 1825 सालचं. ठाणं तेव्हा किल्ल्याच्या आसऱ्यानं वसलेलं लहानसं गाव होतं. चर्चचा आराखडा लष्करातल्या कॅप्टन टेट यांचा. त्याच वर्षी जुलैमध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी त्याचं पवित्रीकरण केलं. हेबर कलकत्त्याचे बिशप. अँग्लिकन पंथाचा सारा हिंदुस्थान त्यांच्या अखत्यारीत होता. मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तो 1837 मध्ये.

हेबर रोजनिशी लिहीत, आणि त्यांच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या किल्ल्याची एक हकीकत आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते आणि 1816 च्या सप्टेंबरात ते निसटले. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मोतद्दार म्हणून राहिलेला मराठा गडी त्यांच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा. पहारा गोऱ्या शिपायांचा, त्यांना मराठी कळेना. सुटकेचा बेत त्या गाण्यांतून आत पोहोचत होता. चर्चच्या पवित्रीकरणाला आलेल्या बिशपनं नऊ वर्षांपूर्वीची ही आठवण टिपली, म्हणून तो अनाम मोतद्दार आपल्यापर्यंत पोहोचला. मग हे चर्च नुसतं साहेबांचं कसं? किल्ला, तुरुंग आणि चर्च ही एकाच गोष्टीची पानं आहेत. त्यातलं एक फाडलं तर उरलेली नीट वाचता येत नाहीत.

दुसरं मोल आहे चर्चच्या कपाटातल्या नोंदवह्यांचं. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी अँग्लिकन चर्चं काटेकोरपणे ठेवत. दफनाच्या नोंदीत नाव, वय, हुद्दा येतो. मुंबई इलाख्यातल्या अशा नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात; त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आता आपल्या शहापूर तालुक्यातून गेलेला रेल्वेमार्ग पाहा. गाडी वासिंदला आली 1855 मध्ये, आसनगावला 1860 मध्ये, कसाऱ्याला 1861 मध्ये. पुढचा थळघाट पार करून इगतपुरी गाठायला 1865 उजाडलं. या मार्गावर युरोपीय इंजिनियर, मिस्त्री, ड्रायव्हर त्यांच्या कुटुंबांसह राहिले. त्यांची मुलं कुठे जन्मली, कोण कशानं गेलं, हे शोधायचं तर याच वह्यांत. घाटात राबलेल्या आपल्या मजुरांची नावं मात्र त्यांत मिळत नाहीत, आणि ही उणीव फार बोचते.

चर्चसोबत असलेली शाळा किंवा हॉल तर आणखी दुर्लक्षित. पुण्याच्या पंचहौद मिशनचं होली नेम चर्च त्याच्या उंच घंटाघरामुळे लोकांना माहीत आहे. पण महाराष्ट्र ढवळून निघाला तो 1890 च्या ऑक्टोबरमधल्या तिथल्या एका सभेनंतरच्या चहानं. टिळक, रानडे हजर होते. गोपाळराव जोशांनी मिशनऱ्यांकडे चहाला हजर असलेल्यांची नावं छापवली, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद उभं राहिलं, प्रायश्चित्तं झाली. चहाच्या एका पेल्यानं समाजाचा कस लागला, आणि हे घडलं मिशनच्या आवारात.

अशा इमारती बहुतेक वेळा दुरुस्तीच्या नावाखाली बिघडतात. जुनं दगडी बांधकाम चुन्यातलं असतं. भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि चुन्याच्या सांध्यांतून ती हळूहळू बाहेर टाकते. सांधे सिमेंटनं भरले की ओल आत अडकते, गिलाव्याला फुगे येतात, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. तुळयांची टोकं भिंतीतच कुजतात. मग ‘इमारत धोकादायक’ असा शेरा मारणं सोपं होतं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, पण तो शोधलाच पाहिजे.

मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे. इमारतींना श्रेणी दिली जाते, समितीला विचारल्याशिवाय पाडता येत नाही. आपल्या गावाची यादीच नसेल तर असं संरक्षण द्यायचं कोणत्या इमारतींना? म्हणून पहिलं काम यादीचं. ते शहापूर-मुरबाडच्या नगरपंचायतींनी हाती घ्यावं, देऊळ, मशीद, चर्च, कचेरी असा भेद न करता. आणि वाचकहो, सरकारी पत्राची वाट पाहू नका. या सुट्टीत आपल्या गावातल्या एका जुन्या इमारतीची लांबी-रुंदी मोजा, शिलालेख असेल तर अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, फोटो काढा, जाणत्यांना विचारून तारखेनिशी लिहा आणि एक प्रत नगरपंचायतीत देऊन पोच घ्या.