विद्यार्थी संघटना आणि त्यांच्या विचारधारा

‘कॉलेजची मुलं डावीच असतात’ किंवा ‘आजची पिढी उजवीकडे झुकली आहे’ अशी सरसकट विधाने आपण नेहमी ऐकतो. प्रत्यक्ष चित्र त्याहून संमिश्र आहे.

भारतातील विद्यार्थी चळवळीत अनेक प्रवाह आहेत. ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन १९३६ साली लखनौला स्थापन झाली. पुढे ती कम्युनिस्ट विचारांशी जोडली गेली. संघ परिवारातील अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेची नोंदणी १९४९ मध्ये झाली. मार्क्सवादी विचारांची एसएफआय १९७० मध्ये, तर काँग्रेसची एनएसयूआय १९७१ मध्ये आली. याशिवाय समाजवादी, आंबेडकरवादी आणि प्रादेशिक पक्षांच्या संघटना आहेत. कोणत्याच संघटनेत नसलेले विद्यार्थीही पुष्कळ असतात.

महाविद्यालये व विद्यापीठांतील विद्यार्थी निवडणुकांसाठी लिंगडोह समितीने २००६ साली नियम सुचवले : उमेदवाराची किमान ७५ टक्के हजेरी, खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आणि छापील पोस्टरवर बंदी.

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट मतदानाऐवजी गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा केली.

मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झाले. त्यामुळे बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी आज मतदार होऊ शकतात. त्यांनी एकाच बाजूचे ऐकून मत बनवू नये. विरोधी विचारही मुळातून वाचावा.