अंगणांत आलेली शाळा

शाळेची फी माफ झाली म्हणजे शिक्षण मोफत झालें, असें शहरांतील सुस्थित कुटुंबांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरांत सात वर्षांची मुलगी तान्ह्या भावंडास सांभाळते आणि नऊ वर्षांचा मुलगा गुरें राखतो, त्या घरास शाळेचें मोल पैशांत नव्हे, तर मुलांच्या श्रमांत द्यावें लागतें. हें मोल कोणीं सोसावयाचें, हा मोफत शिक्षणाच्या चळवळीपुढील सर्वांत अवघड प्रश्न होय.

गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. पुढील वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस सक्तीच्या शिक्षणाची मुभा मिळाली. तथापि कायद्याचा हात रानांतील पाड्यापर्यंत पोहोंचत नव्हता. तेथें पोहोंचण्याची वाट ताराबाई मोडक यांनीं काढली.

१८९२ सालीं मुंबईस जन्मलेल्या ताराबाईंनीं भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें दादरला शिशुविहार उभें राहिलें. परंतु माँटेसरी पद्धतीचीं महागडीं साधनें मूठभर शहरी मुलांच्याच वांट्यास येणार, हें त्यांस उमगलें होतें.

पालघर आणि बोईसर-तारापूर मागें टाकून आगगाडीनें उत्तरेस गेलें कीं डहाणूच्या पुढें घोलवड लागतें. त्याच्या जवळच समुद्रकांठीं बोर्डी हें गांव आहे. १९४५ सालीं ताराबाईंनीं तेथें ग्राम बालशिक्षण केंद्र काढलें. बालवयांतच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. याच सालीं या भागांतील वारली शेतमजूर वेठीविरुद्ध उठले होते. ज्यांचे आईबाप वेठीस जुंपलेले, त्यांचीं मुलें आपण होऊन बालवाडींत कशीं येणार? तेव्हां मुलें येत नाहींत म्हणून पालकांस दोष न देतां दोघी बाईच वस्तींत गेल्या. घरापुढील अंगणांत मुलें जमवावीं, त्यांस न्हाऊं घालावें, नखें कापावींत, आणि मग गाणीं, गोष्टी व खेळ घ्यावेत, असा क्रम ठरला. हीच अंगणवाडी. शिंपले, बिया, पानें, गारगोट्या हींच तिचीं शैक्षणिक साधनें झालीं.

१९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणलीं. यामागचा हेतु सरळ होता. धाकटें भावंड पाळणाघरांत राहिलें, कीं थोरली बहीण वर्गांत बसूं शके. गुराख्यांसाठीं तर शिक्षकच कुरणांत जाऊं लागले. गुरें चरत असतां झाडाखालीं धडा चाले. तिला कुरणशाळा म्हणत. अशा रीतीनें श्रमाचें मोल कुटुंबाऐवजीं शाळेनें आपल्याकडे घेतलें.

ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुताईंनीं १९९२ पर्यंत हें व्रत चालविलें. १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून अंमलांत आहे. तरी पावसाळा संपला कीं पालघर जिल्ह्यांतील कित्येक आदिवासी कुटुंबें आजहि मुलांसह वीटभट्ट्यांवर जातात. हजेरीपटावर तीं मुलें गैरहजर ठरतात. बोर्डीच्या अंगणांत उलट हिशेब होता: मूल आलें नाहीं, तर गैरहजेरी शाळेची मांडली जाई. हा हिशेब मान्य केल्यावांचून शिक्षण खऱ्या अर्थानें मोफत होणार नाहीं.